पटलाला सगळं कळतं

४ जानेवारी १९६५, डोणगाव
हेडमास्तरांची जागा मार्चमध्ये रिकामी होते. अठ्ठावीस तारखेला बुलढाण्याहून तपासणीचे साहेब येणार. या शाळेत शास्त्र कळणारा माणूस मी एकटाच, हे त्यांना एका तासात दिसेल. विषय ठरला : पेशीपटल. निश्चय : रोज पहाटे तासभर वाचन.

५ जानेवारी
वाचन झालं नाही. थंडी.

७ जानेवारी
नववीला पटल शिकवलं. पेशीभोवतीचा एवढासा पापुद्रा, पण काय आत घ्यायचं नि काय बाहेर ठेवायचं, हे त्याला बरोबर कळतं. या पोरांना तेवढंही कळत नाही. एकीने विचारलं, "सर, पाणीबी विचारूनच आत येते काय?" पुढच्या धड्यात आहे म्हणालो. पुढचा धडा मी वाचलेला नाही. गरज नाही.

११ जानेवारी
नुसत्या फळ्यावर भागणार नाही; साहेबांना प्रयोग दाखवायला हवा. शाळेमागे शिपाई कडूबाने वांग्याची चाळीस झाडं लावली आहेत. हा गृहस्थ नवीन पांढरं खत चिमटीने टाकतो, तेही बुंध्यापासून वीतभर दूर, आणि लगेच पाणी देतो. का, तर म्हणे, "जवळ टाकलं त झाड जळते, सर." अडाणीपणाची कमाल आहे. पटल कशासाठी असतं? लागेल तेवढं आत घेईल, बाकीचं दारातच थांबवील.

२० जानेवारी, सकाळी
प्रत्येक बुंध्याशी दोन मुठी खत. वाहून जाऊ नये म्हणून पाणी बंद. कडूबा आडवा आला. "माहे दोन वाफे असेच गेले, सर." त्याला पटल समजावलं. बाजूला झाला. शास्त्रापुढे दुसरं काय करणार!

२२ जानेवारी
झाडांनी माना टाकल्या. दुपारचं ऊन, दुसरं काही नाही.

२३ जानेवारी
सकाळीही तसंच. पानांच्या कडा करपल्या. बियाणं हलकं. सौ. म्हणाली, "पण खत त तुम्हीच टाकलं ना?" सौ. शास्त्र शिकलेली नाही.

२५ जानेवारी
कडूबाने मला न विचारता बादल्यांवर बादल्या ओतल्या. सात झाडं वाचली. उरलेली तेहतीस त्याने एकेक करून उपटली. वाईट वाटलं. मग तपासणी आठवली.

२८ जानेवारी, संध्याकाळ
साहेब थेट वाफ्याकडेच गेले. सातच झाडं उरलेली पाहून बाकीची कशाने मेली, विचारलं. मी पटलाची रचना सांगितली. स्निग्ध पदार्थांचे दोन थर, प्रथिनं, सगळं. दहा मिनिटं. साहेब म्हणाले, ते ठीक, पण झाडं कशाने मेली? मी थर पुन्हा मोजायला घेतले. तेवढ्यात कडूबा म्हणाला, "काकडीले मीठ लावलं का पाणी सुटते ना साहेब? तसंच. बाहीर खार वाढला, मुळीतलं पाणी बाहीर आलं." साहेबांनी त्याला थेट नववीत नेलं. माझा तास त्याने घेतला. मी मागच्या बाकावर.

२९ जानेवारी
शेरेबुकात लिहिलंय : हेडमास्तरपदासाठी शिफारस नाही. शास्त्रशिक्षकांनी रोज सकाळी सात ते आठ कडूबाच्या हाताखाली बागकाम शिकावं. साहेबांचा हेतू उघड आहे. कडूबाला सुधारायचं तर माणूस माझ्याच योग्यतेचा लागणार.

१ फेब्रुवारी, सकाळी आठ
जाऊन आलो. कडूबाने खताला हात लावू दिला नाही. "महिनाभर नुसतं पाहा, सर," म्हणाला.
पाहिलं.