नंबर दोनचा मान

२८ मे

चि. सौ. सूनबाईस अ. आ.

पत्रास कारण, तुझी मोटरसायकल सुखरूप आहे. मीही आहे, पण तू आधी गाडीचीच चौकशी करशील हे ठाऊक असल्याने क्रम तसा ठेवला.

आयुष्यभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या आणि स्वतः बसले मात्र मशीनपुढच्या स्टुलावर. आज तुझ्या जागी या डोंगरांत आहे, तेही रेक्झिनचा गठ्ठा काढताना तू शिडीवरून पडलीस म्हणून. गाडीवरून कधी न पडलेली मुलगी घरात मनगट मोडून घेते, याला काय म्हणावं? तू गाडी चालवायला शिकवलंस, गाडी दिलीस, मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपमधली तुझी जागा दिलीस. आभार मानले की तू रागावतेस, म्हणून घाईघाईने इथेच मानून टाकते.

झाडं केव्हाच संपली. नुसते तपकिरी डोंगर, आणि हवा इतकी विरळ की हेल्मेट काढतानाही धाप लागते. आता खरी बातमी. ग्रुपला नेणारे आपले मास्तर सगळ्यांत पुढे आणि त्यांच्या लगेच मागे, नंबर दोनवर, मी! बाकी सगळे माझ्या मागे. तो बँकेतला पोरगा, ज्याला सगळे तुफान म्हणतात, तो पहिल्यांदाच आलाय आणि रोज कुरकुरतो की नंबर दोन मला द्या. मास्तर दाद देत नाहीत. वयाचा मान, दुसरं काय. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांग.

भांडी माझ्या लेकाला घासू दे. लोभ आहेच, तो पत्रातूनही पाठवत जा.

तुझी सासूबाई


९ जून

चि. सौ. सूनबाईस अ. आ.

घाटाखालच्या गावात अडकलो आहोत. वरचा रस्ता बर्फाने बंद आहे, साफ व्हायला दहा-बारा दिवस तरी जातील. त्यामुळे तुझं पत्र मला गाठू शकलं. नंबर दोनबद्दल तू नुसतं ‘मान जपा’ असं लिहून विषय बदललास. तो का, ते आज कळलं.

झालं असं, की तुफानची दया येऊन मी मास्तरांना म्हटलं, एक दिवस तो मान त्याला द्या. मास्तर चपापले. बरेच आढेवेढे घेऊन म्हणाले, की त्यांच्यामागची जागा सगळ्यांत हळू चालवणाऱ्याची. तो आरशात दिसत राहतो, त्याच्या वेगाने सगळे जातात, आणि त्याला कुणी काही सांगत नाही. मी मात्र इतके दिवस मिरवत होते. किती हसले असतील सगळे.

लाज एक वेळ गिळली असती. पण दुपारनंतर बर्फ वितळून घाटातल्या ओढ्यांना पाणी चढतं. त्याआधी पलीकडे पोचलो नाही तर सगळ्यांनाच परत फिरावं लागेल. माझ्यापायी त्यांची वर्षभराची तयारी वाया जायला नको. खाली जाणाऱ्या बसने मी परत येते, गाडी ट्रकमधून येईल. तुझी जागा मला राखता आली नाही, याचं फार वाईट वाटतं. तुझ्या उत्तरापुरती थांबते आहे.

तुझी सासूबाई


१४ जून

ती. आईंस सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नका. इकडे तुमचे चिरंजीव भांडी घासतात, म्हणजे भांड्यांना पाणी दाखवतात. दुकानात ते फोम कापतात आणि मी ओरडते. एकंदरीत ठीक आहे.

आई, पहिल्या वर्षी नंबर दोन मीच होते. घरी येऊन मीही मिरवलं होतं, आणि तुम्ही शेजारणीला मुद्दाम बोलावून सांगितलं होतंत. पुढच्या वर्षी मला चौथी जागा दिली तेव्हा मी रुसले, मग मास्तरांनी खरं सांगितलं. तुमचा आनंद मोडवेना, म्हणून मी गप्प बसले. कुणीही हसत नाही. जुने सगळे कधी ना कधी त्या जागेवर बसून आलेले आहेत.

आणि तुम्हाला तर हे नवं नाहीच. लग्नानंतर मी शिवायला शिकत होते, तेव्हा तुम्ही शेजारच्या मशीनवर सावकाश शिवायचात. मला वाटे, पाय दुखत असतील. एकदा बाजारातून लवकर परतले, तर जिन्यातच तुमच्या मशीनची धडधड ऐकू आली. मी आत पाऊल टाकलं आणि ती मंदावली. तेव्हापासून तुमचे उपकार मनात आहेत. बोलायला मनगट मोडावं लागलं.

मास्तरांना म्हणावं, उजाडायच्या आत निघू. गाडी ट्रकमधून आली तर मी घरात घेणार नाही. तुम्हाला घेईन.

तुमची माया आहे म्हणून ही अरेरावी.

सौ. सूनबाई


२२ जून

चि. सौ. सूनबाईस अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग बसचा विचार सोडला. मास्तरांनी लवकर निघायचं आधीच ठरवलं होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

इतक्यात तुफानला विरळ हवा बाधली. डोकं ठणकत होतं, ओकाऱ्या होत होत्या. बरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस झोपवून ठेवलं आणि मग सांगितलं, की बेताने चालवणार असेल तर येऊ दे. निघताना मास्तरांनी जागा बदलल्या. तो नंबर दोन, मी तीन. पोराचा चेहरा असा खुलला की अर्धं दुखणं तिथेच पळालं. मला बाजूला घेऊन त्याने समजूत घातली, की काकू, मनाला लावून घेऊ नका, आज माझी पाळी, उद्या पुन्हा तुमची. मी मान डोलावली. मास्तर खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले.

घाटभर त्याच्या मागे होते. त्याची सीट मीच शिवलेली, डावीकडे उसवायला लागली आहे. तिच्याकडे बघत चालवलं. तो अडखळला की मीही गिअर उतरवत होते. शेवटच्या ओढ्याला पाणी चढू लागलं होतं, पण सगळे पार झालो. माथ्यावर तुझी गाडी फिरवून तिला चारी बाजू दाखवल्या. बाई गं, हे सगळं तू मला दिलंस. आता रागाव खुशाल.

तुफान धापा टाकत जवळ आला आणि काळजीने विचारू लागला, की काकू, माझा वेग तुम्हाला फार तर नाही ना झाला? मी म्हटलं, झाला जरासा, पण तू सांभाळून घेतलंस म्हणून पोचले.

तूही कुठे बोलू नकोस. हे आशीर्वाद.

तुझी सासूबाई, नंबर तीन