तलावाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

१२ एप्रिल १९७८
एवढ्याशा शब्दानं आज नाक कापलं गेलं! टँक. एकोडीत इंग्रजीचा मास्तर म्हणून मिरवतोय, आणि दवाखान्याच्या इनेसबाईंनी चारचौघांत विचारलं, "गुर्जी, इंग्रजीत तलावाले टँक म्हंतेत. पन टँक तं फौजेतबी रायते, मोटारीतबी. मी माह्या गावाले कोनता लिवू?"

बाई स्पेनच्या, मठातल्या. मराठी शिकल्या रोग्यांकडून, म्हणून इकडची झाडीबोली अशी फाडफाड की मी नागपूरकर मागे पडतो. गेल्या पावसाळ्यात तलावाची पाळ – मातीचा बांध – फुटली. यंदा पावसाआधी बांधली नाही तर दिवाळीच्या तोंडावर धानाला पाणी नाही, म्हणजे गावाचं पीक गेलं. बाई माहेराहून मदत मागवणार. इंग्रजी मजकूर माझा, स्पॅनिश त्यांचा.

१४ एप्रिल
बाईंचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसलो. तांके – रणगाडा. देपोसितो – पेट्रोलची टाकी. सिस्तेर्ना – हौद. एम्बाल्से – सरकारी धरण. एस्तांके – बागेतलं तळं, बदकांचं. आमचा तलाव एकातही मावेना! म्हशी कुठे धुवायच्या, मासे कुठे धरायचे, बैलपोळ्याला बैल कुठे न्यायचे?
शेवटी बाईंनी एस्तांके लिहिलं. "बदकं तं हायेत ना," म्हणाल्या.

१५ एप्रिल
बदलीचा अर्ज पुन्हा टाकला. नागपूर, नागपूर, नागपूर.

९ मे
बाईंचा भाऊ आला! इंजिनियर. उन्हानं लालबुंद. मनात बागेतलं तळं धरून आलेला. पाळीवर चढला आणि खो खो हसत सुटला. पण माणूस चांगला. करू म्हणाला, मदत देऊ. फक्त मालकाचं नाव पाहिजे, तिकडचा नियम आहे.

मी मराठीत सांगितलं. तुलारामकाका आमचे पाणकर – तलावाचं पाणी कोणाच्या वावरात कधी सोडायचं ते ठरवणारे. ते पुढे झाले. "मालक? तलावाचा?"
मी म्हटलं, कोणाचं तरी नाव द्या, नावापुरतं.
"नाव लागलं का पानी तेच्याच वावरात जाते, गुर्जी. नाई पायजे."
नावाशिवाय मदत नाही म्हणत भाऊ संध्याकाळच्या एसटीनं गेला. इनेसबाई रडल्या. गावाला शब्द दिला होता ना त्यांनी. मलाही फार वाईट वाटलं.

११ मे
म्हाताऱ्यांनी जुनी रीत काढली. दर चुलीमागे, म्हणजे घरटी, पाळीचा एक तुकडा – ज्याचा त्यानं भरायचा, आणि पुढे दरवर्षी सांभाळायचा. तुलारामकाका चुन्याच्या खुणा करत निघाले. इनेसबाईंनाही तुकडा! "बाईची चूल हाये ना गावात," म्हणे.

मीही पुढे झालो. काकांनी चुना खाली ठेवला. "तुमी जानारे मानूस, गुर्जी. पाळ रायनाऱ्याची. तुमाले काहून द्याची?"
सगळ्यांसमोर! स्पेनची बाई गावची, आणि मी पाहुणा? ह्यांची पोरं कोण शिकवतं? तणतणत घरी आलो. जेवलो नाही.

१२ मे
राग आहेच. जेवलो मात्र.

२८ मे
गेलो शेवटी. स्वतःचा तुकडा नाही तर नाही, बाईंच्या तुकड्यावर टोपल्या वाहिल्या. बाई झगा खोचून माती तुडवत होत्या. शेजारच्या तुकड्यावर शकुबाई. माझ्याकडे बघून म्हणाली, "गुर्जी, टोपली डोक्यावर घ्या, पोटावर काहून घेऊन राहिले?" बाया हसून हसून बेजार. हाताला फोड. झोप मात्र काय लागली!

२ ऑगस्ट
तलाव भरला. पाळ टिकली! सगळ्यात वाकडा तुकडा इनेसबाईंचा, पण थेंब झिरपत नाही. भावाला कळवताना बाईंनी सरळ 'तलाव' लिहिलं आणि खाली पानभर समजावून सांगितलं. कोश मिटला एकदाचा.

१९ ऑगस्ट
इनेसबाईंना मठानं परत बोलावलं. कायमचं. अख्खं गाव एसटीपाशी. गाडीत चढता चढता मला म्हणाल्या, "माही पाळ कोन पायील, गुर्जी?"
गाडी गेली.

४ सप्टेंबर
नागपूरचा हुकूम आला. मुख्याध्यापक पेढे मागत होते. हुकूम त्यांच्याच टेबलावर ठेवला, म्हटलं, रद्द होतो का बघा.
"काहून?"
"बाईची पाळ आता माह्याकडं हाये."