आजीचा गोळा विमानतळावर अडवला

आई,

घाबरू नकोस, तुझ्या आणि आजीच्या वाटचं मी घाबरलोय. आजीला विमानतळावर बसवून ठेवलंय. स्पर्धेचा तीन किलोचा लोखंडी गोळा तिने स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीत नेला. मोठ्या बॅगेत टाकला तर हरवेल म्हणे. तपासणीवाल्याने विचारलं, "हा कोण फेकतं?" ती म्हणाली, "मी." तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आजी, घरचं कोणीतरी मोठं माणूस बोलवा." बहात्तर वर्षांच्या बाईहून मोठं माणूस आपल्या घरात नाही, म्हणून एकोणीस वर्षांचा मी निघालोय. विमान पाचला आहे, पण मोठ्या बॅगा चारपर्यंतच घेतात. तोवर गोळा बॅगेत टाकायला ती राजी झाली नाही, तर स्पर्धा बुडालीच. खांद्याच्या डॉक्टरांचा दाखलाही ती टेबलावर विसरली होती, तो घेतलाय.

दूध तापवलंय. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

परवा तू तिला "या वयात कशाला मिरवायचं?" म्हणालीस, तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही. आज फोन ठेवताना तिने हळूच विचारलं, "तुझी आई अजून रागावलीये का रे?" मी म्हणालो, "छे, तिनेच तर मला पाठवलंय."

चारच्या आत तिला फोन कर. मला खोटं पाडू नकोस.