अकरा फळांचा फुलोरा

धामणगाव बढे,
२२ ऑगस्ट १९७०

प्रिय पंचफुला,

तुला आणि तुझ्या चिमुकलीला वहिनीचे अनेक आशीर्वाद. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे हे पत्र पाहून तुला वाटेल, माहेरी कुणी गेलं की काय. कुणी गेलं नाही. आईंनी मात्र आषाढापासून अंथरूण धरलंय. तुझे दादा बरे आहेत. यंदा वांगी चांगली आली, भाव तेवढा पडला.

महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या. सजावट नेहमीसारखी घरातल्या घरातच. मागे पडद्याला शेजारच्या झुंबरबाईंचा शालू, दोन्ही बाजूंना आईंची लुगडी, बांधावरचा तेरडा आणि पतंगाच्या कागदाच्या पताका. एवढ्यावरही मुखवटे असे खुलतात की गरिबाघरच्या म्हणून कोणी ओळखायचं नाही. पण देवीच्या डोक्यावर करंज्या-पापड्या अशा तळलेल्या फळांचा फुलोरा बांधायची वेळ आली की मी मागे सरते. ते काम मी दरवर्षी झुंबरबाईंच्या गळ्यात मारते. का, ते आज सांगते.

चार वर्षांपूर्वीचं ते दुष्काळाचं साल तुला आठवत असेल. रेशनवर लाल मिलो ज्वारी, आणि तेल तर डोळ्यांना दिसेना. आईंनी दोन महिने भाजीला फोडणी न देता लोटीभर तेल साठवलं आणि मला म्हणाल्या, "यंदा फुलोरा तू कर वं. अकराच फळं होऊ दे, पन देवीचं डोकं उघडं नाई राह्यलं पायजे." पहिल्यांदाच तो मान मला मिळाला होता. मी हुरळले. कढई घ्यायला उठले आणि माझाच पाय लागून लोटी कलंडली. सारवलेल्या भुईनं सगळं तेल पिऊन टाकलं. तेव्हाच ओरडले असते तर चार शिव्या खाऊन सुटले असते. पण धीर झाला नाही. तुम्ही सगळे मळ्यात फुलं तोडायला गेला होतात. मी परसातली पिवळी माती मळली. करंज्या केल्या, पापड्या केल्या, वेणी-फणी केली, चुलीपुढे वाळवून हळद फासली, आणि भुईवरचं तेल टिपलेलं फडकं वरून फिरवलं. पीठ गुपचूप डब्यात परत गेलं. फुलोरा बांधला तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, "काय खुसखुशीत दिसून राह्यला वं!" आणि मी देवीसमोर उभी राहून लाजले. शरमले नाही, पंचफुला, लाजले!

तिसऱ्या दिवशी फुलोरा उतरवून प्रसाद म्हणून वाटतात, हे मला ठाऊक होतंच. तोवर काहीतरी सुचेल असं वाटलं. जेवणाच्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले, तेव्हा मी ती इवलीइवली अकराही फळं सोडली आणि मेथीच्या वाफ्यात पुरली. मांजरावर ढकलायचा बेत होता. पण घाईत दोरा तोडायचं सुचलं नाही, मी गाठी नीट सोडवल्या होत्या, आणि मांजर काही गाठी सोडवत नाही.

तू पाच महिन्यांची पोटुशी. सकाळीच म्हणाली होतीस, "वहिनी, त्या करंज्या पाह्यल्या का तोंडाले पानी सुटते." ते सगळ्यांनी ऐकलं होतं. फुलोरा गायब दिसताच आईंनी चार बायकांदेखत तुला विचारलं, "देवीचं खाल्लं काऊन वं?" तू म्हणालीस, "नाई वं माय, म्या हात बी नाई लावला." आणि तू माझ्याकडे पाहिलंस, वहिनी आपली बाजू घेईल म्हणून. मी मान खाली घालून विड्याची पानं पुसत बसले. माझ्या नखांत अजून माती होती. देवी उठायच्या आधीच तू सासरची, बीबीची गाडी धरलीस. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही सासरी झालं. तुझी लेक चार वर्षांची होत आली, तिच्या आजीनं तिला पाहिलेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर कणही खाल्ला नव्हता, पण हे सगळं माझ्यामुळे झालं. मीच केलं.

काल आईंनी मला जवळ बसवून तुला पत्र लिहायला सांगितलं. मजकूर एवढाच: "पंचफुलेले लिव्ह, तुनं देवीचं खाल्लं ते म्या माफ केलं. पोरीले घेऊन ये, एकदा तोंड दाखव." मी तुझं नाव लिहिलं आणि पुढचं वाक्य काही केल्या उतरेना. तू न केलेल्या पापाची माफी माझ्या अक्षरात कशी पाठवू? पेन ठेवलं आणि तुझ्या दादांदेखत आईंना सगळं सांगितलं. आज सकाळी झुंबरबाईंकडे आणि त्या दिवशीच्या बाकीच्या बायकांकडेही जाऊन सांगून आले. काल हे ऐकताच आई मला मारतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "ते माफीचं नको लिवू. माफी तं मलेच मागाची हाये तिची. लवकर बोलाव." दादा सोमवारी बीबीला येताहेत. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणीही घेऊ नकोस, पण त्यांच्याबरोबर ये. आईंजवळ आता फार दिवस नाहीत.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
कोकिळावहिनी