शाईनं भरलेला कागद

४ ऑक्टोबर १९९७, गुडगाव
पोचलो एकदाचा! तिसरा मजला, खिडकीतून बाजरीचं शेत आणि त्यात दोन अर्धवट बिल्डिंगा. पाणी सकाळी सहा ते सात. पेटी धडपणे आली, आल्या आल्या तासभर वाजवली, शेजारचे सरदारजी डोकावून गेले. रेवती दहा नोव्हेंबरला झेलम एक्सप्रेसनं येईल, कुकर आणि गोडा मसाला घेऊन. माझी बायको येईपर्यंत ढाब्याच्या दाल-रोटीवर दिवस काढायचे. उद्या ऑफिसातली सुखदा दिल्लीत मुनिरकाला नेणार आहे, पद्माकर म्हणून कुणी आहेत त्यांच्याकडे. आपल्याला काय, वरणभाताशी मतलब.

५ ऑक्टोबर, रविवार
वरणभात मिळाला, वर एक खेळही. नाव ‘वसाहत’. पद्माकरांनीच ८८ साली छापला, तीनशे प्रती. प्रकाशन केव्हाच बुडालं, तरी ही चार-पाच मंडळी नऊ वर्षं दर रविवारी दुपारी खेळतायत! पट नाही, सोंगट्या नाहीत. नव्या वसाहतीतला एक रहिवासी व्हायचं, त्याची माहिती कागदावर भरायची. पद्माकर संकट सांगतात, आपण फासा टाकायचा. हरलो की कागदावरची एक ओळ जाते. बिल्कुल भन्नाट.
बाकीचे मनानं रचलेली नावं लिहितात, पेन्सिलीनं. मी पडलो कारकुनाचा मुलगा. फॉर्म दिसला की खरी माहिती, शाईनं, ठळक अक्षरांत. नाव यशोधन. कला पेटीवादन. पत्नी रेवती. सगळे हसले, पद्माकर सोडून.

१९ ऑक्टोबर, रविवार
आठवडाभर कामात लक्ष नव्हतं. आज हरलो. शाई खोडरबरानं जाईना, मग पद्माकरांनी ‘पेटीवादन’ ब्लेडनं खरवडलं. कागदाला भोक पडलं. हळहळलो, पण मजा आली यार.

२२ ऑक्टोबर
खोलीत एक पेटी आहे. घरमालकाची असावी. एसटीडी बूथवरून रेवतीला सहज सांगितलं. ती म्हणाली, लग्नाआधी मी तिला त्याच पेटीवर यमन ऐकवायचो. घरी येऊन डायरी उघडली. पहिल्याच पानावर पेटी, माझ्याच अक्षरात — पट्ट्यांवर बोटं ठेवून पाहिली. काही येत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
कागद परत मागितला. पद्माकर शांतपणे म्हणाले, टेबलावरून उचलला तर सगळ्या ओळी जातील. खेळत राहिलं तर गेलेलं परत जिंकता येतं. आणि गैरहजर माणसाचा फासा ते टाकतात.
सुखदानं तिचा पहिला कागद दाखवला. तिनंही शाईच वापरली होती. ‘मुलगी’ एवढा शब्द, पुढे भोक.
“कोण होती, माहीत नाही,” ती म्हणाली. “पण रविवारी इथे आले नाही, तर जीव थाऱ्यावर राहत नाही.”
मग मला आणलंस कशाला, असं ओरडलो. ती म्हणाली, नवा माणूस आला की जुन्याला एक जादा फासा मिळतो.

६ नोव्हेंबर
झोप नाही. रेवतीला तीनदा फोन केला. येऊ नकोस म्हणावंसं वाटलं, पण मग तिच्याशिवाय — नाही. तिचा फोटो पाकिटात ठेवलाय. मागे लिहिलंय, ही रेवती, तुझी बायको. भीती वाटते. फार.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो. न जाऊन काय —
दोन पडले. चार हवे होते.
ब्लेड

१० नोव्हेंबर
डायरीत झेलम लिहिलंय म्हणून स्टेशनवर आलो. एक बाई उतरली, हातात कुकर. फोटोतलीच. मला नावानं हाक मारते. बाकावर शेजारी बसून रडतेय, काय झालंय तुला म्हणते. फोटोची मागची बाजू तिलाच वाचायला दिली.
रविवारी नक्की जिंकेन, असं सांगितलं तिला. नवा माणूस नेला तर जादा फासा. डोळे पुसून म्हणतेय, मीही येते. पर्समधून तिनं पेन काढलंय, शाईचं. तिला नको म्हणायला हवं. पण जादा फासा —