पंधरा इंचांवर थांबलेली करवत

कासारवाडी, गुरुवार

ती. वहिनींस धाकट्या दिराचा नमस्कार.

आज तुम्हाला पत्र लिहायची पाळी दादानं आणली. अंगणात नव्या ढोलावरून आमचं भांडण पेटलं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आपल्या बँडचा क्लॅरिनेटवाला तुळशीराम. दादा ओट्यावर सुपारी कातरत होता. वैतागून म्हणाला, "उगा कशाला वरडताय? तिला इचारा की!"

आणि अडकित्ता त्याच्या हातात तसाच उघडा राहिला.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले, वहिनी. सवय काही जात नाही, ना त्याची ना माझी. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतोय. तुम्हाला अक्षर लागत नव्हतं, पण तुमची लेक शालन वाचून दाखवील. आता तिला कानाशी येऊन ओरडावंही लागणार नाही.

आधी ढोल कसला ते ऐका! हा गळ्यात अडकवायचा नाही. जमिनीवर आडवा ठेवायचा, आपण मागे स्टुलावर बसायचं आणि पायानं पेडल दाबलं की ठोका पडतो. हात मोकळे! त्या हातांनी छोटा ड्रम आणि झांज. तिघांचं काम एकटा मी करणार. पुण्यात लष्कर भागात या सगळ्या संचाला जाझ म्हणतात. पेडल आणि झांज तिथल्याच जुन्या बाजारात मिळाली. ढोल मात्र मी स्वतः बांधला. कोणी शिकवलं? कोणी नाही! इथल्या कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांचं प्लायवूड वाफेवर वाकवलं आणि सरसानं थरावर थर चिकटवले. सांधा डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही असतात तर बोट फिरवून म्हणाला असतात, "भावजी, हितं जरा उंच लागतंय." आणि लागलंही असतं!

तोंड बावीस इंचांचं, त्यात वाद नाही. वाद आहे तो पोटाचा. किती खोल ठेवायचं? गळ्यातला ढोल दोन्ही बाजूंनी बडवायचा, म्हणून तो हाताच्या कवेत मावायला हवा. इथं तो अडसरच गेला! पण फार खोल केला तर आवाज घुमत राहतो, उथळ केला तर डब्यासारखा टक्क वाजतो. लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. म्हणून मी मुद्दाम सतरा इंच बांधला आणि एकेक इंच उतरत जायचं ठरवलं. इंग्रजी पुस्तकात चित्राखाली चौदा लिहिलंय. दर कापाला कातडी उतरवा, कड घासा, पुन्हा ताणा. अंगठ्याची सालटी निघाली, पण काय मजा आली म्हणून सांगू!

रविवारी शालनचं लग्न. आईमागे वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबा, म्हणून घाई. तिच्या मांडवात हा ढोल पहिल्यांदा वाजणार. चुकून एक काप जास्त बसला तर नवा बांधायला ना लाकूड, ना वेळ.

अशा वेळी तुम्ही हव्या होतात. विषमज्वरात तुमचे कान गेले, पण बँडमध्ये ढोल पारखायला तुमच्याशिवाय होतं कोण? दारात अनवाणी उभ्या राहायचात आणि मान हलवायचात. रुळावरून गाडी येतेय हे शिट्टीच्या आधी तुम्हाला कळायचं. मागे मी घेतलेल्या ढोलाचं सगळ्यांनी कौतुक केलं, तुम्ही मात्र म्हणालात, "न्हाई भावजी, ह्यो नुसता दिसतो." कसा राग आला होता मला! पण पहिल्याच वरातीत त्याचं पितळ उघडं पडलं.

कसं ओळखता, ते मला कधी सांगितलंत का? विचारलं की हसायचात. "मिठाचं माप सांगता येतं व्हय?"

तर आज काय झालं ऐका. सतराला ठोका दिला. तुळशीराम म्हणाला, "मालक, ह्यो ढोल हाय का हीर? माझा सूर आत पडला. टाका गळ आन् काढा!" सोळा केला. "आता कमरंएवढ्या पाण्यात हाय," म्हणाला. पंधरा केला. तो वाजवत राहिला, टोमणाच मारला नाही! थांबून म्हणाला, "बास." मी म्हणालो, बास कसं? पुस्तकात चौदा आहे. पेन्सिलीनं रेघ आखली, करवत उचलली. तेव्हाच दादा ते 'तिला इचारा' बोलून गेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शालन पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "काका, आत्ता वाजवला तो कितीचा?"

"पंधराचा. का गं?"

"सतराला नुसते कान भरले. ह्याला पायाखालची फरशी बोलली. नका कापू."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"आई मला हाताला धरून दारात उभी करायची की! तुमची तालीम असली की दर वेळी."

वहिनी! मला नाही सांगितलंत आणि पोरीला सांगितलंत? घरातल्या वाजवणाऱ्याला सोडून?

मी चपला काढल्या, दारात उभा राहिलो. तुळशीरामला म्हटलं, दाब पेडल. खरं सांगतो, माझ्या तळव्यांना काही कळलं नाही. मुंग्या तेवढ्या आल्या. शालन तोंडाला पदर लावून हसत होती, अगदी तुमच्यासारखी.

रेघ पुसली. पंधरा म्हणजे पंधरा! पुस्तक लिहिणारा साहेब आपल्या दारात कुठं उभा राहिला होता?

पण ही पोर रविवारी सासरी मोशीला जाणार. मग मी कोणाला विचारू? तेव्हा तुम्हाला शब्द देतो, वहिनी. या ढोलावर नवं कातडं चढलं की तो बैलगाडीत घालीन, मोशीला नेईन, आणि पहिला ठोका शालनच्या दारात देईन. सासरची माणसं हसली तर हसू देत. ती मान हलवीपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुमचा धाकटा दीर,
केशव