बाहीचा कच्चा टाका

बिबवेवाडी, पुणे
२ एप्रिल

चि. निकिता हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं नेमबाजीचं जॅकेट आज दिल्लीला रवाना केलं. परवा पोचेल असं कुरिअरवाला म्हणाला. त्याचा चेहरा काही खात्रीचा वाटला नाही. कान गेल्यापासून मला सगळ्यांचे चेहरेच वाचावे लागतात आणि फोनचा उपयोग उरलेला नाही, म्हणून हे पत्र.

जॅकेट डाव्या कुशीत, रायफल धरताना तू कोपर टेकवतेस तिथे, पार विरलं होतं. आतून दुहेरी कॅनव्हास घातला आहे. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. पोरं पडणारच म्हणून गुडघ्याला आतून दुहेरी कापड लावत आलो. मी शिवलेली पँट गुडघ्यावर फाटली अशी तक्रार घेऊन अजून कोणी दुकानात आलेलं नाही. हात थोडा कापतो, म्हणून आठ दिवस लागले. टाके मात्र मोजून बघ, एकही लांब नाही.

बाहीचं तोंड पांढऱ्या कच्च्या टाक्याने बंद केलं आहे. आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे, हा शेवटचा टाका, कपडा ज्याच्या अंगात जाणार त्याने आपल्या हाताने काढायचा. लहानपणी तू दुसऱ्यांच्या गणवेशांचेही काढून ठेवायचीस आणि मार खायचीस.

शेजारच्या पोपटने चौकात तुझा फ्लेक्स लावला आहे. त्यावर तुझ्यापेक्षा त्याचा फोटो मोठा आहे. ऑलिंपिकचा कोटा तू मिळवलास तरी तो देशाचा, आणि प्रत्यक्ष जाणार कोण ते चाचणीत ठरणार, हे त्याला तीनदा सांगितलं. स्वयंपाक एकीने करायचा आणि ताटावर कोण बसणार ते नंतर ठरवायचं, असली ही पद्धत त्याला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पटत नाही. पण तू सातव्या तारखेला नेम नीट धर, म्हणजे प्रश्नच मिटला.

तुझी आई असती तर तिने फ्लेक्सखाली पेढे वाटले असते. जेवत जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
अप्पा


दिल्ली
९ एप्रिल

सौ. सोनालीताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

निकाल तुम्हाला कळलाच आहे. सहा दशांश गुणांनी माझी जागा गेली, माझ्याऐवजी माझी मैत्रीण मैत्री ऑलिंपिकला जाणार. फोनवर मी काहीच बोलले नाही म्हणून तू रागावलीस. पण रोज संध्याकाळी तू अप्पांकडे असतेस, आणि फोनवर बोलताना ते तुझा चेहरा वाचत बसतात. म्हणून लिहिते आहे. कर्वेनगरला, तुझ्या घरीच वाच आणि फाडून टाक.

जॅकेट चाचणीच्या सकाळी हातात पडलं. कुरिअरने तीन दिवस खाल्ले. तोवर मैत्रीचं जुनं जॅकेट घालून सराव करत होते, खांद्यात ढगळ होतं. पण आपलं येणार या भरवशावर होते. ते मिळाल्यावर तशीच तपासणीला धावले. सामन्याआधी प्रत्येकीच्या कपड्याची जाडी यंत्राने मोजतात. जाड कापडाचा शरीराला टेकू मिळतो, म्हणून अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि आतून कापड जोडलेलं तर मुळीच चालत नाही. अप्पांनी घातलेला कॅनव्हास आतून होता, दुहेरी होता. काटा पार पुढे गेला.

तपासणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, वीस मिनिटं आहेत, उसवून आणा. मैत्रीने कात्रीही आणून दिली. पण ताई, अप्पांची शिवण वीस मिनिटांत उसवत नाही हे तुला वेगळं सांगायला नको. मी कात्री लावलीच नाही. मैत्रीच्याच ढगळ जॅकेटमध्ये उभी राहिले. हरल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्याशी धड भांडताही येत नाही.

खरी चूक माझी आहे. जाडीचा नियम मी अप्पांना कधी सांगितलाच नाही. कापडातलं त्यांना मी काय शिकवणार, असं वाटलं. मी एकोणतीस वर्षांची झाले, चार वर्षांनी पुन्हा इथवर पोचेन असं वाटत नाही. ते माझं मी बघेन. पण त्यांना हे कळता कामा नये. त्या हातांशिवाय त्यांच्याकडे आता काय राहिलं आहे? तुला माझी शपथ आहे.

चि. शुभंकरला गोड पापा. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
निकू


दिल्ली
९ एप्रिल

ती. अप्पांस सविनय जयभीम. वि. वि.

अप्पा, तुमची मुलगी हरली. शेवटच्या दहा गोळ्यांना हात कापला, दुसरं काही नाही. जॅकेट वेळेवर मिळालं आणि अंगावर असं बसलं की इथल्या मुली शिंप्याचा पत्ता विचारत होत्या. कुशीत जराही हललं नाही. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या बाजूने होती.

मी आठवडाभर इथेच थांबते आहे, थोडी कागदपत्रं आहेत. मोठी बॅग पुण्याच्या वरदबरोबर पाठवली आहे. तो पिस्तूलवाला, संघात निवडला गेला, त्याला पाणी तरी विचारा. बॅग उघडू नका, मी आल्यावर बघेन. पोपटकाकांना फ्लेक्स उतरवायला सांगा.

रक्तदाबाची गोळी चुकवू नका. माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
निकिता


बिबवेवाडी, पुणे
१७ एप्रिल

चि. निकिता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरद येऊन बॅग देऊन गेला. चहा पाजला. मुलगा भला आहे, पण त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. जिंकून आलेला माणूस असा खाली मान घालून का बसतो, हे मला कळेना.

तू नको म्हणालीस तरी बॅग उघडली. घामाचं जॅकेट आठवडाभर कोंडून ठेवलं तर कुबट वास येतो, म्हणून वाळत घालायला काढलं. बाहीचा टाका तसाच होता. मी घातलेला, पाच टिपांचा, शेवटची गाठसुद्धा माझीच. बाहीत हात गेलेलाच नाही, आणि माझी पोर लिहिते की अंगावर छान बसलं.

संध्याकाळी सोनाली आली तेव्हा जॅकेट तिच्यापुढे ठेवलं. ती तोंडाने काही बोलली नाही. तुझी शपथ तिने पाळली, तिला बोल लावू नकोस. पण तिचा चेहरा मी तीस वर्षं वाचतो आहे. मग कुशीतलं कापड जाड झालं का, उसवायला कात्री मिळाली नाही का, असं मीच एकेक विचारत गेलो आणि ती मान हलवत गेली.

निकू, कान गेले तेव्हा मला फार वाटलं नव्हतं. दुकान होतं, हात होते. त्या दिवशी मात्र मशीनसमोर बसलो आणि रडलो. दोन दिवस कुशीतलं उसवत होतो. एवढं घट्ट कशाला शिवलं होतं कोण जाणे. आता जूनचे गणवेश आले आहेत, आणि गुडघ्याला दुहेरी कापड लावायची वेळ आली की हात थांबतो.

फ्लेक्स मीच उतरवला. मुलगी कशी काय हरली, असं पोपट विचारत होता. त्याला सांगितलं की मुलगी हरली नाही, तिच्या शिंप्याने चूक केली. त्याला ती थट्टा वाटली, तो हसला. मी त्याला हसू दिलं.

माझ्याशी खोटं बोललीस त्याचा राग नाही. पण कात्री समोर असताना तू माझी शिवण वाचवत बसलीस, ते मला सहन होत नाही. फाडायची होतीस. कात्रीचे चार घाव घालून टरकावायची होतीस. शिवण काय, मी पुन्हा घातली असती.

कुशीत आता आतून काहीच नाही, विरलेलं कापड तेवढं रफू केलं आहे. जाडी मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, तूच आल्यावर बघ. बाहीचा टाका मी काढलेला नाही. तीनदा कात्री हातात घेतली आणि ठेवली. तो तुझा आहे.

आता कागदपत्रं पुरेत, घरी ये. तुझा चेहरा वाचायचा आहे.

तुझा,
अप्पा